आठ दिवस नुसतं ऐकायचं

धुळ्याला मी गेलो होतो ते दोन स्पीकर आणायला. एप्रिलचा पहिला आठवडा होता. जळगावहून सकाळची एसटी पकडली, पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला आणि साडेदहाला देवपुरात दिपमालावहिनींच्या दारात उभा राहिलो. बरोबर दोन रिकामी पोती आणि सुतळी नेली होती. एवढंच काम होतं.

स्पीकर रुपचंदभाऊंचे, गेल्या दिवाळीत नवे आणलेले. वहिनी त्यांच्या पत्नी. आमच्याकडची कितीतरी लग्नं ज्या गाण्यांवर नाचली, ती रुपचंदभाऊंच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेली, आणि त्याच स्टुडिओत मी पाच वर्षं वायरी गुंडाळत काम शिकलो. काम म्हणजे मिक्सिंग. ढोलकी वेगळी रेकॉर्ड होते, पेटी वेगळी, गाणारा वेगळा. कोण पुढे, कोण मागे ते ठरवून सगळ्यांना एका जागी बसवायचं. नीट झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं तर गावभर शिव्या मिळतात. असला हा धंदा.

भाऊ दिवाळीनंतर गेले. वहिनींनी चहा ठेवला आणि न विचारता सांगायला लागल्या.

"सोनगीर फाट्यावर रस्ता ओलांडत होते. भरदुपारी. ट्रकवाला पोलिसांना म्हणाला, मी लांबून हॉर्न वाजवत आलो, ब्रेक दाबला, टायरचे पट्टे बघा. पट्टे होतेच, नवलभाऊ. चांगली वीस पावलं लांब. ह्यांनी मान वळवली नाही." त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. "तीस वर्षं कानावर पोट भरलं त्यांनी."

मी चहा प्यालो. स्पीकर पोत्यांत बांधताना त्यांनी एक जुनी वही आणून दिली. ह्या स्पीकरबद्दल भाऊंनी त्यात काहीबाही लिहून ठेवलं होतं म्हणे. मी ती पोत्याच्या तळाशी सरकवली आणि विसरलो. विसरलो म्हणजे काय, वाचायची नाही असं ठरवूनच ठेवली. दुसऱ्याच्या कानाने ऐकायचं नाही, हे भाऊंनीच शिकवलं होतं.

आणखीही एक शिकवलं होतं. नवा स्पीकर आणला की आठ दिवस काम करायचं नाही, नुसतं ऐकायचं. कारण प्रत्येक स्पीकर खोटं बोलतो. एखादा खर्ज फुगवून सांगतो, एखादा झांजा दाबतो. खोलीही त्यात भर घालते. तुम्हाला वाटतं खर्ज फार झाला, तुम्ही तो कमी करता, आणि तेच गाणं वरातीत डीजेवर लावलं की पोकळ वाजतं. म्हणून आपली पाठ असलेली गाणी त्यावर लावायची, पुन्हा पुन्हा लावायची, आणि हा गडी नक्की कुठे खोटं बोलतो ते हेरायचं. मग तेवढं मनातल्या मनात वजा करून ऐकायला शिकायचं. भाऊ म्हणायचे, "ज्या दिवशी स्पीकरचा दोष तुला ऐकू यायचा बंद होईल, त्या दिवशी समज, स्पीकर कळला."

हे वाक्य मी वीस वर्षं नव्या पोरांना ऐटीत सांगत आलो.

माझा स्टुडिओ जळगावात, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आहे. पूर्वी ती केळी पिकवायची खोली होती. भिंती जाड, आत फोम भरलेल्या, दार लोखंडी आणि रुळावर सरकणारं, हवा आत-बाहेर जाणार नाही असं. मूळ मालकाने धंदा बंद केला तेव्हा मला ती जागा म्हणजे लॉटरी वाटली. आवाज बंद ठेवायला लोक लाखो घालतात, इथे केळ्यांसाठी आधीच सगळं करून ठेवलेलं. त्या खोलीत गाणारा उभा राहतो. तिच्यासमोरच्या छोट्या खोलीत मी आणि माझी यंत्रं. माझ्या डाव्या हाताला बाहेरचं साधं लाकडी दार, त्यापलीकडे ओटा. मधल्या भिंतीत काच बसवायची होती, म्हणजे गाणारा दिसला असता. ते दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं.

पहिल्या दिवशी मी भाऊंच्याच काळातला एक तुकडा लावला. नुसती ढोलकी, साडेतीन मिनिटं. माणसाचा आवाज त्यात नावाला नाही. डोळे मिटून बसलो. खर्ज थोडा जाड, झांजेच्या जागा बोथट. माझ्या वहीत लिहिलं. आणि दोन मिनिटं दहा सेकंदांना डावीकडून एक श्वास आला.

श्वासच होता. लांब ओढलेला, शेवटी बारीक शिट्टी वाजल्यासारखा. मग दुसरा. मग बंद. त्याच वेळी नाकाला पिकल्या केळ्यांचा वास आला. त्या जागेत सहा वर्षांत केळं आलेलं नव्हतं.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. वायरी तपासल्या. डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. श्वास डावीकडेच. तोच तुकडा हेडफोनवर लावला, काही नाही. मोबाइलवर लावला, काही नाही. म्हणजे दोष खोलीचा. शोधता शोधता डाव्या भिंतीत वर जुन्या गॅसच्या नळीचं भोक सापडलं, केळी पिकवायला आतल्या खोलीत गॅस सोडायचे ती नळी इथूनच जायची. त्यात वारा शिरत असणार. मी त्यात मूठभर सरकी नसलेली रुई कोंबली आणि वर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन मिनिटं दहा सेकंद, श्वास, शिट्टी, केळ्यांचा वास.

कोणतंही गाणं लावा, त्याच जागी.

तिसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं: "डावीकडे २.१० ला श्वास. खोलीचा दोष. वजा करावा." आणि वजा करायला लागलो. आठव्या दिवशीही तो येत होता, पण माझी मान वळायची बंद झाली होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं. भाऊ असते तर पाठ थोपटली असती.

आता मावशीचं सांगतो.

शेवंतामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. मी पाच वर्षांचा असताना आई गेली, त्यानंतर दहावीपर्यंत मी मावशीकडेच वाढलो. ती आणि जीवरामकाका दोघंही जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाची बारीक धूळ दिवसभर नाकातोंडात. काकांचं निभावलं, मावशीच्या छातीत ती कायमची बसली. रात्री झोपेत तिचा श्वास शिट्टी मारायचा. मी तिच्या पायाशी झोपायचो. ती शिट्टी थांबली की मला जाग यायची आणि पुन्हा सुरू झाली की झोप लागायची. अशी दहा वर्षं. म्हणजे जगात तो आवाज कोणाला ओळखता यायला हवा होता ते तुम्हीच सांगा.

मी ओळखला नाही. खोलीचा दोष म्हणून लिहून ठेवला.

मावशी कानबाईची गाणी म्हणायची. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, घरोघर रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर बाया गातात. मावशीला साठ-सत्तर गाणी येत होती, त्यातली निम्मी तरी आता दुसऱ्या कोणाला येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तिचं गाणं मोबाइलवर चित्रित करून टाकलं. तीन महिन्यांत तेच गाणं एका पोरीने चकचकीत साडी नेसून गायलं, लाखो लोकांनी पाहिलं. मावशीचं नाव कुठेच नव्हतं. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते खालच्या एका वाक्याचं, मूळ व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, म्हातारी गाते कमी आणि धापा जास्त टाकते. नातवाने ते तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून तिने चारचौघात गाणं सोडलं.

मी तिच्या मागे लागलो. सहा गाणी, तिच्या आवाजात, तिच्या नावाने, या श्रावणाच्या आत. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की छाती फार दिवस साथ देणार नाही. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

ती फोनवर म्हणाली, "नवल, मना दम आयकू ई का रे त्यामा?"

"नाही येणार. मी आहे ना."

"माले लाज वाटस. लोके हासतस."

"मावशी, दोन ओळींच्या मधला श्वास मला पुसता येतो. एकूण एक. कोणाला कळणार नाही."

हे मी तिला शब्द दिल्यासारखं बोललो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते दोघं पारोळ्याहून सकाळच्या गाडीने आले. काकांच्या हातात पाण्याची कळशी आणि मावशीच्या औषधाचा पंप. जळगावचा मे तुम्हाला माहीत असेल तर बोलायला नको. अकरानंतर गल्लीत कुत्रं दिसत नाही. काका म्हणाले, मी बाहेर ओट्यावर बसतो, मला ती यंत्रं बघून घाबरायला होतं. लाकडी दाराला टेकून ते बसले. मावशी आतल्या खोलीत गेली, आधीच रेकॉर्ड केलेली ढोलकी-पेटी ऐकायला तिला हेडफोन दिला आणि मी लोखंडी दार ओढून घेतलं. कूलर बंद करावा लागतो, त्याची घरघर माइकमध्ये येते. म्हणून दर गाण्यानंतर दार उघडायचं, कूलर लावायचा, तिला पाणी द्यायचं, असं ठरलं होतं.

तीन गाणी झाली. काय गायली म्हणून सांगू. मी हेडफोन लावला नाही, स्पीकरवरच ऐकत होतो. ते आता मला पाठ झाले होते ना, त्याचा तोरा होता. तिचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून येत होता, समोर उभी असल्यासारखा. अधूनमधून डावीकडून श्वास येत होता, पण तो खोलीचा. तो मी मोजतच नव्हतो.

चौथं गाणं कानबाईला निरोप देण्याचं. पहिल्यांदा मध्ये खोकला आला. दुसऱ्यांदा शब्द चुकला. मी बटण दाबलं. ते दाबलं की माझा आवाज आत तिच्या हेडफोनमध्ये जातो.

"मावशी, थांबू या. दार उघडतो. पाणी घे."

"नको रे. आते दार नको उघाडू, लय बठेल शे. आखो एक डाव लिऊत."

लय बसलीय, आणखी एकदा घेऊ, असं म्हणताना तिच्या आवाजात घाई होती. मला ती कळली, आणि मला ती आवडली. अशा घाईतच गाणं चांगलं येतं, हे मला धंद्याने शिकवलं होतं. मी दार उघडलं नाही.

तिसरा टेक सुरू झाला. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला, इतका तो आवाज स्वच्छ होता. जिनिंगच्या आधीची मावशी गात होती, चुलीपुढची, आई असताना मी पाहिलेली. दोन मिनिटं दहा सेकंदांना डावीकडे श्वास आला. केळ्यांचा वास आला. मी डोळे उघडलेही नाहीत. गाणं पुढे गेलं, शेवटची ओळ आली, शेवटचा सूर तिने लांब धरला आणि अलगद सोडला.

मी बटण दाबलं नाही. गाणं संपल्या संपल्या बोलायचं नसतं, शेवटचा सूर विरून जाऊ द्यायचा असतो. मग सवयीप्रमाणे मी तोच टेक पुन्हा लावून बघायला घेतला, आतला माइक आणि त्याचं रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून. दुसऱ्या ओळीत ढोलकी किंचित पुढे वाटत होती. ती मागे घेतली. पेटी थोडी उचलली. डावीकडे श्वास येतच होता, नेहमीसारखा दोनदा येऊन थांबला नाही. एकामागून एक येत होता, शिट्टी वाढलेली. मी मनात म्हटलं, बाहेर गरम वारा सुटलाय, भोकात शिरतोय, संध्याकाळी सिमेंटच भरून टाकू. आणि वजा केला. ढोलकी आता बरोबर बसली होती.

मग तो थांबला.

एकदम शांत झालं. इतके दिवस कानाच्या कडेला असलेलं ते ओझं गेलं. मला आठवतं, माझ्या तोंडावर हसू आलं होतं. भाऊंचं वाक्य आठवलं. मी वही ओढली आणि घड्याळ बघून लिहिलं: "१२.५२. डावीकडचा श्वास ऐकू येईनासा झाला. स्पीकर कळले."

वही अजून आहे माझ्याकडे. अक्षर चांगलं आलंय.

मी बटण दाबलं. "मावशी, हाच ठेवू. एकदम साफ आलाय."

उत्तर आलं नाही.

"मावशी…? ये बाहेर, पाणी घे."

"मावशी…"

उठून लोखंडी दार उघडलं. आतून भट्टीसारखी हवा आली आणि पिकल्या केळ्यांचा वास, डोकं फिरेल असा. ती माइकच्या खाली भिंतीला टेकून बसली होती. हेडफोन गळ्यात, पदराचं टोक मुठीत. पंप दोन हात लांब पडला होता. माइकचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर.

मी ओरडलो. काका धावत आले. त्यांनी तिला बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तेच मला अजून झोपू देत नाही. रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर ते हळूच म्हणाले, "नवल, तुले आयकू नही उनं का रे? माले बाहेर वट्टावर आयकू उनं. तिन्हा दम… आनि दोन डाव तुन्हं नाव लिधं तिनी."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, जोरात घे.

"मी उठनू व्हतू," ते म्हणाले. "मंग म्हंतं, नवल शे ना मझार. तो आयकी ऱ्हायना." आत मी आहे, मी ऐकतोय, म्हणून ते पुन्हा खाली बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरने घड्याळ बघितलं आणि मान हलवली. छाती आधीच खराब, त्यात बंद खोली, त्यात ऊन. कारणं सगळी बरोबर होती. माझं नाव कोणीच त्यात घातलं नाही. दहाव्याला, तेराव्याला नातेवाईक माझीच समजूत काढत होते, म्हणत होते, गाता गाता गेली, भाग्यवान. मी मान डोलवत होतो. मला सगळ्यांची चीड येत होती.

तेराव्यानंतर मी तो टेक हेडफोनवर ऐकला. मला एकच गोष्ट ऐकायची होती, तिने माझं नाव कसं घेतलं. माइक वीतभर अंतरावर होता, सगळं टिपलं गेलं असणार. आणि दुसरं असं, की माइकचा आवाज मधून यायला हवा. तिचं गाणं मधून येत होतं, मग तिची धाप डावीकडून कशी आली? मधून आली असती तर मी उडी मारून उठलो असतो. आयुष्यात एवढं तरी मला येतं.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी ओळ. मी थांबवलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

ओळींच्या मधे श्वास नव्हता.

चार मिनिटांचं गाणं. दमेकरी बाई. एकाही ओळीच्या आधी नाही, नंतर नाही, लांब सुराच्या शेवटी नाही. सूर संपतो आणि पुढचा सुरू होतो. गाणं संपल्यावर माइक सहा मिनिटं आणखी चालू होता. त्या सहा मिनिटांत धाप नाही, माझं नाव नाही, पंप पडल्याचा आवाजही नाही. फाइलला मी हात लावलेला नव्हता. पुसायचं काम मी नेहमी सगळ्यात शेवटी करतो, आणि तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो.

काका म्हणाले, गाणी बाहेर काढ, तिची इच्छा होती. श्रावणात काढली. या वर्षी बऱ्याच घरांत कानबाईपुढे मावशी वाजली. खाली लोकांनी भरभरून लिहिलं. एकाने लिहिलंय: "या वयात किती साफ आवाज, बाईंना एकदाही दम लागलेला जाणवत नाही." त्याला साडेचारशे लोकांनी पसंती दिलीय. मी ते रोज उघडून वाचतो. का वाचतो, ते विचारू नका.

रोट झाल्यावर मी ते स्पीकर फेकायला काढले. विकायचे नव्हते, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात कशाला. रिकामं पोतं उचललं तर तळातून भाऊंची वही पडली. या वेळी वाचली.

अक्षर बारीक, तारखा घातलेल्या. "पहिला दिवस. खर्ज जाड, झांजा बोथट. डावीकडे लांबून हॉर्न, मग गाडीचा करकचून ब्रेक. हायवे जवळ असल्याने असेल." त्यांच्या स्टुडिओपासून हायवे दोन किलोमीटर. "चौथा दिवस. ब्रेक त्याच जागी. डिझेलचा वास. दुर्लक्ष करावे." शेवटची नोंद आठव्या दिवसाची, एकच ओळ. "ब्रेक ऐकू येईनासा झाला. स्पीकर कळले."

मी वहिनींना फोन करून तारीख विचारली. ते सोनगीरला कधी गेले होते ती.

"का हो?" त्या म्हणाल्या.

"सहज."

त्यांनी सांगितली. त्या नोंदीचाच दिवस होता.

मी सुरी घेतली आणि दोन्ही स्पीकरचे पडदे उभे-आडवे फाडले. वायरी कापल्या. सांगाडे गिरणा नदीच्या पुलाखाली, डबक्यात नेऊन टाकले. परत येताना गाडीवरच, डाव्या कानाला, हाक ऐकू आली.

"पप्पा."

मग थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांबवून. "पप्पाऽ…"

माझी मुलगी भाविका. सातवीत आहे. मी गाडी रस्त्याच्या मधेच थांबवली, मागून शिव्या बसल्या. घरी आलो तर ती टीव्हीसमोर बसून पोहे खात होती.

तेव्हापासून ती हाक येते. खुर्चीत बसलो की येते, जेवताना येते, न्हाणीघरात येते. दोनदा, डावीकडून, आणि मग थांबते. माझी बायको नूतन म्हणते, डॉक्टरला कान दाखवा. मी प्रत्येक हाकेला उठतो. भाविका कुठे असेल तिथे जाऊन तिला बघतो, तिच्या शाळेत तर दोनदा जाऊन आलो, बाई माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागल्यात. भाविका चिडते. पण मी उठतो. वजा करायचं नाही, एवढंच मी ठरवलंय. आयुष्यभर उठत राहावं लागलं तरी चालेल.

पण कान आपला नसतो, हे मला माहीत आहे. त्याला सवय लागते. ठरवून लागत नाही आणि ठरवून थांबतही नाही.

आज सकाळी मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी स्टुडिओत एका जागी दोन तास बसलो, हे लिहायला घेतलं. खोली शांत होती. मध्येच लक्षात आलं की सकाळपासून हाक एकदाही आली नाही. वाटलं, सांगाडे वाहून गेले असतील, सुटलो.

मग डाव्या दारातून सावली पडली. भाविका उभी होती, हातात माझा डबा, घामाने केस कपाळाला चिकटलेले, तोंड रडवेलं.

"पप्पा, मी किती वेळची इथे उभी आहे. हाका मारून घसा बसला माझा. तुम्ही बघतच नाही."

मी विचारलं, "कुठून मारल्या हाका?"

"इथूनच. दारातून."

दार माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे. मी पहिल्या हाकेपासून बोटांवर दिवस मोजले. आज आठवा.